वहीतला चौथा रकाना

३ ऑक्टोबर

पहाटे एका आवाजाने जाग आली. आवाज आजचा नव्हता, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा होता. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतायत आणि मी ती बाहेरून ऐकतोय. मला शाळेत पोचायला नेहमी उशीर व्हायचा. पाटलांची जनावरं पाण्यावर नेऊन आणली की मग माझी शाळा. दाराशी येईपर्यंत शेवटचं कडवं संपत आलेलं असायचं. दाराबाहेर उभं राहून ऐकलेल्या त्या कविता काय गोड लागायच्या! वर्गात बसलेल्यांना तो गोडवा कळलाच नसेल, असं मला नेहमी वाटत आलं.

दुपारी शिवशंकर आला. माझाच विद्यार्थी, आता आमच्या दिंद्रुडच्या शाळेत पी.टी.चा सर आहे. चहाचा कप हातात घेतला तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागायला आलाय.

"गुरुजी, एक काम हुतं. न्हाई म्हनू नका."

"आधी काम सांग."

"दहावीच्या पोरींची क्रॉस कंट्री हाय. रानातनं चार किलोमीटर पळायचं. तालुक्याला टीम न्यायची अन् मला जुंपलंय मतदार यादीला. तुमी सकाळी नुसतं शाळेमागच्या लिंबाखाली बसायचं. पोरी ओढ्यापर्यंत दोन चकरा मारतेल. कोन कितीत आली ते घड्याळ बघून वहीत लिहायचं. बस."

आतून चतुराबाई म्हणाली, "त्यांना घड्याळ द्यू नको रे बाबा. हे चिमण्या बघत बसतेल अन् पोरी पळून घरी जाऊन जेवतेल बी."

शिवशंकर हसला. मी होकार दिला. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, कोणी वहीत लिहायला सांगितलं नव्हतं.

६ ऑक्टोबर

पहिला दिवस. काल नवी वही आणली आणि लाल शाईने चार रकाने आखले. माझी नात पंचशीला (जीवनची मुलगी, तो वाळूजला कंपनीत आहे, पोरगी शिकायला आमच्याकडे), सायली, मंजुषा आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची रूपाली.

पंचशीला हरणासारखी पहिली आली. आजा म्हणून लिहीत नाही, पण तिच्या पावलांत भुजंगप्रयात आहे. लगागा, लगागा, लगागा, लगागा. मी पोरींना सांगितलं, श्वास असाच घ्या, एक छोटा, दोन लांब. सायली म्हणाली, "गुरुजी, हे परीक्षेला हाय का?"

तिघींच्या वेळा लिहिल्या. रूपाली बरीच मागे होती. तोवर ऊन चष्म्यावर आलं, वही मिटली.

९ ऑक्टोबर

लिंबाखाली बसल्या बसल्या फार दिवसांनी ओळी सुचल्या.

सकाळी धुक्याच्या कडेने निघाल्या
मुलींच्या पदांनी दिशा लाल झाल्या
उन्हाच्या पुढे सावल्या लांब गेल्या

चौथी ओळ येत नाही. घरी येऊन चतुराबाईला वाचून दाखवल्या. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "चांगलंय. पोरी निघाल्या, सावल्या गेल्या, पन पोचलं कोनीच न्हाई."

रूपालीला घाम फार येतो. पळायला सुरुवात व्हायच्या आधीच चेहरा ओला असतो, आणि उजव्या खांद्यावर कुडता चुरगळलेला. काहींची प्रकृतीच तशी असते. शाळेत असताना आमचा एक मित्र होता, फळ्यापर्यंत गेला तरी घामाघूम व्हायचा.

१३ ऑक्टोबर

आज तिघी आल्या, लिहून झालं. मी उठून काठी शोधत होतो तेवढ्यात रूपाली आली. धापा टाकत म्हणाली, "गुरुजी, माझा टाइम किती?"

मी म्हणालो, "तू आधी पोच तर. टाइम कुठे पळून जातोय!"

पोरी खळखळून हसल्या. रूपालीही हसली. माझ्या काखेतल्या वहीकडे बघत हसली. वर्गात पूर्वी असे विनोद मला सहज सुचत. ती हातोटी अजून आहे, याचं बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर

माजलगावला तालुक्याची स्पर्धा झाली. आजचं सगळं लिहायला हवं, टाळून चालणार नाही.

पंचशीला पहिली. सायली चौथी, मंजुषा नववी. मी टाळ्या वाजवल्या, आणि आता काय, संपलंच, म्हणून कोपऱ्यावर चहा प्यायला गेलो. चहावाला माझ्या ओळखीचा निघाला, त्याचे वडील आणि मी नांदूरघाटला एका शाळेत होतो. त्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. परत येतो तर माइकवर पुकारत होते, सांघिक प्रथम, दिंद्रुड.

मला वाटलं, पंचशीलामुळे. शिवशंकरने डोक्याला हात लावला.

"तसं न्हाई गुरुजी. टीमच्या चार पोरींचे नंबर मिळवतेत. ज्याची बेरीज कमी, ती टीम वर. आपले एक, चार, नऊ अन् सतरा. एकतीस. दुसऱ्या शाळेच्या तीन पोरी दोन, तीन, पाच आल्या, लई भारी. पन त्यांची चौथी तेविसावी. तेहतीस."

"सतरा कोण?"

"कोन म्हंजे? रूपाली! शेवटी सहा पोरी मागं टाकल्या तिनं. तुमी बघितलं न्हाई?"

मी काय सांगू? चहा पीत होतो?

"अन् चौथी पोचलीच न्हाई तर?"

"तर टीमच न्हाई. बाकी तिघी कितीबी पळू द्या. आता जिल्ह्याला अठरा डिसेंबरला बीडला. चारच पोरी हायेत आपल्याकडं, गुरुजी. चारी संभाळा."

येताना जीपमध्ये वही उघडली. तीन रकाने भरलेले. चौथा पहिल्या दिवसापासून कोरा. एक आकडा नाही. पुढच्या बाकावर बसलेल्या रूपालीच्या मांडीवर सांघिक करंडक होता. तो पोरींनी आपण होऊन तिच्याकडे दिला होता. मी वही पिशवीत घातली.

१८ ऑक्टोबर

सुट्टी लागली तरी पंचशीला आणि सायली दारात बसून काल कशा पळालो ते पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रूपाली सरावाला इतकी मागे का पडायची गं? काल तर सहा जणींना मागं टाकलं."

सायली म्हणाली, "गुरुजी, काल ती जीपमधी आलती ना! रोज वस्तीवरून पळत येती. तीन किलोमीटर. धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन. त्याला अंगनवाडीत सोडायचं, अन् मग आपल्यासंगं."

"खांद्यावर?"

"मंग? दोन वर्साचा हाय तो. एवढं चालतो का?"

पंचशीला म्हणाली, "आबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. चेहऱ्यावरचा घाम दिसला होता, चुरगळलेला खांदाही दिसला होता. ते मी वहीत नाही, पण याच दैनंदिनीत लिहूनही ठेवलं होतं. आत्ता मागची पानं वाचली.

आयुष्यभर पोरांना शिकवलं, श्लोकाला चरण चार. तीन चरणांचा श्लोक कुणी लिहून आणला तर मी लाल शाईने गोल करायचो. आणि पळण्याची वही हातात आली तर पहिला-दुसरा-तिसरा. बक्षीस समारंभाचा हिशोब डोक्यात बसलेला.

उद्या वस्तीवर जाऊन तिला वेळ सांगायची. सतरावी, आणि किती मिनिटांत ते शिवशंकरकडून घ्यायचं.

२४ ऑक्टोबर

दिवाळीत लेक-जावई आले, जीवन आला. घर भरलं होतं. वस्तीवर जायचं राहिलं. तसं काही अडलं नाही, शाळा उघडली की भेटेलच.

३१ ऑक्टोबर

आज गेलो. पंचवीस मिनिटं एकतीस सेकंद, असं कागदावर लिहून नेलं होतं.

ओढ्यापर्यंतच मला दम लागला. पलीकडची वाट चढाची आहे, कापसाच्या दोन रानांमधून. हे अंतर ती भावाला घेऊन रोज पळायची. मी तीनदा बसलो.

रूपालीच्या घराला बाहेरून काटेरी फांदी लावलेली. शेजारच्या वच्छलाबाई शेळीला पाला टाकत होत्या.

"कोन, गुरुजी? बसा की. रूपालीच्या बापाला शोधताय का, सुग्रीवला? काल गेली गाडी. कर्नाटकात गेले तोडीला. आता येतेल होळीच्या आगंमागं."

"पोरगीपण?"

"पोरगी न्हाई तर धाकट्याला कोन बघंल? दोघं नवरा-बायको फडात." मग म्हणाल्या, "जाताना रडत हुती. बक्षिसाचा कागद पिशवीत घातला तिनं, भाकरीच्या खाली."

ऊसतोड माहीत नसायला मी काही परदेशातून आलो नाही. दरवर्षी दिवाळीनंतर वर्ग निम्मे व्हायचे, आणि मी हजेरीत बारीक अक्षरात 'स्थलांतर' लिहून पुढच्या नावाकडे जायचो. तेरा दिवस हातात होते. लाडू खात बसलो.

कागद खिशात तसाच परत आला.

५ नोव्हेंबर

मुकादमाकडून नंबर मिळवून सुग्रीवला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"गुरुजी? पाया पडतो. काय झालं? घरी बरंय ना समदं?"

मी स्पर्धेचं सांगितलं. अठरा डिसेंबर, चार पोरी. शाळेत हंगामी वसतिगृह आहे, तिथे राहील ती. सगळं वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, वसतिगृहात ती ऱ्हाईल. धाकटा कुठं ऱ्हाईल? आमी पहाटं चारला फडात. खोपीत चूल असती, बाजूला विहीर हाय. लेकरू एकलं कसं सोडावं?"

"खरं आहे."

"अन् पळून काय मिळतंय, गुरुजी? आमी बी पळतोच की. डोक्यावर मोळी घेऊन, फडातनं गाडीकडं. आमाला कोन कप देतंय?"

तो रागाने बोलला नाही. मी विषय बदलला. म्हणालो, "रूपालीला दे जरा."

"पान्याला गेली ती."

"मग एवढंच सांग तिला. तिची वेळ पंचवीस मिनिटं एकतीस सेकंद. सांगशील?"

"पंचवीस काय?" ट्रॅक्टर जवळ आला आणि फोन कटला.

चतुराबाई भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "तुमी त्याला सरकारी कागदासारखं काय बोलत हुते? लेकराचं विचारलं का एकदा तरी, नाव काय त्याचं?"

"काय नाव?"

"मला काय माहीत! तुमी विचारायचं ना."

१३ नोव्हेंबर

चौथी मुलगी मिळत नाही. नववीतली एक दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणाली. शिवशंकर म्हणाला, "राहू द्या गुरुजी, तिघींना वैयक्तिक पळवू. पंचशीला तर काढंलच नंबर."

पंचशीला म्हणाली, "मला एकटीला नाही जायचं पुढं. गेलो तर सगळ्या." आणि आत गेली. तिच्या वयात मी इतका शहाणा नव्हतो. नंतरही झालो नाही.

आज दुपारी पडल्या पडल्या पुन्हा तोच आवाज, दाराबाहेरून ऐकलेली कविता. पण आज त्यामागून आणखी एक गोष्ट आठवली, जी मी कशी विसरलो कोण जाणे. एके दिवशी मी शाळेशी आलो तर आवाजच नाही. वाटलं, सुट्टी झाली. दारात डोकावलो. चाळीस पोरं गप्प बसलेली, सगळ्यांची तोंडं दाराकडे. आप्पाराव मास्तर खुर्चीत. म्हणाले, "ये. शेवटचं कडवं तुझ्यासाठी ठेवलंय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा आत बसून म्हटलं. मोठ्याने, घसा फुटेस्तोवर. आणि मास्तर झालो तो बहुधा त्याच दिवशी.

मग इतकी वर्षं तो बाहेरचा आवाज मला गोड का लागत आला? समजत नाही.

२६ नोव्हेंबर

चतुराबाईने सकाळी माझा मोबाइल मागितला. म्हणाली, भाचीला फोन करायचाय. स्वयंपाकघराचं दार ओढून तासभर बोलत होती. मध्येच हसणं, मध्येच गप्प. मला नुसतं एवढंच ऐकू आलं, "मी काय म्हातारी झाले का? चार नातवंडं वाढवली ह्या हातानं."

बाहेर आल्यावर विचारलं, "भाचीचं काय म्हणणं?"

"बायकांच्या गोष्टी हायेत. तुमी आपली चौथी ओळ शोधा."

दुपारी माळ्यावरचा जुना पाळणा काढून धुतला. म्हणाली, धूळ साचलीय. या बाईला नसती कामं सुचतात.

७ डिसेंबर

थंडी पडली. तूर फुलून गेलीय. पोरी तोंडातून वाफ काढत पळतात. तिघींच्या वेळा लिहून झाल्या तरी मी वही मिटत नाही. रूपालीला जितका वेळ लागायचा तितका वेळ ओढ्याकडे बघत बसतो. आज मंजुषा म्हणाली, "गुरुजी, चला की. कोनाची वाट बघताय?"

सायलीने तिला चिमटा काढला. मग तिघीही माझ्याजवळ बसल्या. पाच-सहा मिनिटं आम्ही चौघं ओढ्याकडे बघत होतो. वाटेवरून एक म्हातारा सायकल ढकलत गेला. आम्ही उठलो.

उद्यापासून असंच करायचं, हे कोणी काही न ठरवता ठरलं.

१७ डिसेंबर

उद्या बीड. सकाळी सहाला जीप. चतुराबाई दशम्या करतेय, इतक्या की वऱ्हाड जेवेल. तीन बनियन धुऊन दोरीवर वाळतायत. चौथा मी घडी करून पिशवीत घातला. उगाच.

शिवशंकर यादी दाखवायला आला होता. "रूपालीचं नाव उद्या तिथंच खोडावं लागंल, गुरुजी. टीमच्या रकान्यात."

"उद्याचं उद्या. आज कशाला खोडतोस?"

"बरं. ऱ्हाऊ द्या."

मी स्वतःलाच विचारलं, हे सगळं संपल्यावर माझ्याजवळ काय राहील? पंचशीला पहिली येईल, कदाचित. टाळ्या वाजवीन. पण हंगाम पुरा झाला, असं मला म्हणता येणार नाही. जी मागून येत होती तिच्यासाठी मी थांबलो नाही, आणि थांबायला शिकलो तेव्हा ती वाटेवर नव्हती. एवढं लिहून आजचं पान संपवतो.

*

पान संपवलं होतं, पुन्हा उघडलंय.

दिवे लागायच्या सुमारास दार वाजलं. वाटलं शिवशंकर, काही विसरला असेल. दार उघडलं तर सुग्रीव. अंगात उसाच्या पात्याने ओरखडलेला सदरा, कानाला मफलर, आणि खांद्यावर झोपलेलं पोरगं. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरूच होती.

तो म्हणाला, "गुरुजी, उद्या किती वाजता निघायचं?"

"सहाला," मी म्हणालो. "पण तू तर..."

"मुकादमाला म्हनलं सासू लई शिरेस हाय." तो हळूच हसला. "रूपालीची आई ऐकंना. म्हनली, पोरगी रोज फडाच्या बांधानं पळती, ट्रॅक्टरवाले बी हसतेत, पन थांबत न्हाई. न्हे तिला. परीक्षेपर्यंत तिथंच ऱ्हाऊ दे, धाकट्याला बी ठेव. मी म्हनलं, कोनापाशी ठेव? तर म्हनली, समदं ठरलंय."

"कोणाशी ठरलंय?"

"माझ्याशी," चतुराबाई माझ्या मागून म्हणाली. पदराला पीठ पुसत पुढे आली आणि झोपलेलं पोरगं त्याच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतलं, जसं काही ते रोजचंच आहे. "कावून उभं केलं त्याला दारात? या, सुग्रीवभाऊ. सौरभ नाव हाय ह्याचं," हे मला. "आता तरी वहीत लिहा."

मी बाहेर अंगणात पाहिलं. मोटारसायकलवाला होता, दुसरं कोणी नव्हतं.

"आणि रूपाली?"

"येतीया. आमी टेम्पोनं वस्तीवर उतरलो, घर उघडलं, तिचे बूट काढले. गाडीवर तिघं बसलो असतो, पन बसली न्हाई. म्हनली, तुमी व्हा फुडं, मी पळत येते." त्याने खिशातून मोबाइल काढून बघितला. "सहाला पाच कमी असताना निघाली. म्हनली, गुरुजीला म्हनावं, वही उघडी ठेवा."

सुग्रीव आत बसलाय. चतुराबाई त्याला वाढतेय आणि विचारतेय, कर्नाटकात ज्वारी कशी मिळते. पंचशीला सायली-मंजुषाला सांगायला अनवाणी पळाली. मी उंबऱ्यावर बसून हे लिहितोय, मांडीवर दोन वह्या. पळण्याच्या वहीत चौथ्या रकान्यात तारीख घातलीय. सहा वाजून तेरा मिनिटं झाली आहेत.

सुग्रीव आतून म्हणाला, "गुरुजी, आत या की, थंडी लई हाय. येईल ती."

मी म्हणालो, "जेव तू. मी बसतो इथं."

ओढ्याकडची कुत्री भुंकायला लागली आहेत.